डाव्या हाताचं बटण

माझ्या मुलीचा हात प्रेसखाली आला तेव्हा तिचा बाप शेजारच्या कारखान्याच्या गेटवर, मशीनपासून हात कसे वाचवावेत यावर भाषण करत होता. हे मी मुद्दाम आधीच सांगून टाकते. मागाहून सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, बाई मीठमसाला लावतेय.

आमचा कारखाना बिजागऱ्यांचा. पत्र्याचा तुकडा साच्यात ठेवायचा, वरून प्रेसचा लोखंडी ठोकळा खाली येतो, तुकडा वाकतो, चिमट्याने उचलायचा, दुसरा ठेवायचा. दिवसभर हेच. मी पॅकिंगला बसते, काचेच्या पार्टिशनच्या अलीकडे. नवरा पलीकडे मोठ्या प्रेसवर. त्याला सगळे पुढारी म्हणतात. आधी टिंगल म्हणून म्हणायचे, आता मानाने म्हणतात.

तो पुढारी कसा झाला ते सांगते. त्याचा सख्खा धाकटा भाऊ, म्हणजे माझे दीर, ह्याच प्रेसवर काम करायचे. तेव्हा प्रेस पायाच्या पॅडलवर चालायची. पाय दाबला की ठोकळा खाली. हात आत असो की बाहेर, मशीनला काय त्याचं! एक दिवस भाऊजींचा हात आत राहिला आणि पाय दाबला गेला. उजव्या हाताची चार बोटं गेली, उरला तेवढा अंगठा. त्या दिवशी माझ्या नवऱ्याने काम बंद पाडलं. गेटवर भावाचा तो बांधलेला हात धरून वर केला आणि असा बोलला की मालकाचा ड्रायव्हरसुद्धा गाडीतून उतरून ऐकत उभा राहिला. मागणी एकच. पॅडल काढा, दोन बटणांची प्रेस द्या.

ती बटणं काय चीज आहे ते समजून घ्या, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. प्रेसच्या डाव्या टोकाला एक हिरवं बटण, उजव्या टोकाला एक. दोन्ही एकदम दाबली तरच ठोकळा खाली येतो. म्हणजे मशीन चालताना तुमचे दोन्ही हात बटणांवर, साच्यापासून लांब. एक हात जरी उचललात तरी मशीन जागेवर थांबणार. इतकी साधी गोष्ट. ती मिळवायला आम्ही बायकापोरांसकट ऊन खात गेटवर बसलो. मिळवली.

बिट्टी, म्हणजे माझी मुलगी, ते भाषण ऐकत मोठी झाली. तिला ते पाठ होतं. घरी बापाची नक्कल करायची, कमरेवर हात ठेवून, "मित्रांनो, एक तळवा उचला, मशीन मेलं!" आणि बाप खूश होऊन म्हणायचा, "हीच माझ्या जागी उभी राहणार बघ." मी म्हणायचे, "मशीनच्या जागी की माइकच्या?" त्यावर दोघं हसायची. कॉलेज मध्येच सोडून ती कारखान्यात लागली तेव्हा मी चिडले होते. पण छोट्या प्रेसवर लागली होती, बाप शेजारीच होता, आणि बटणं होती. बटणं होती म्हणून मी गप्प बसले.

त्या दिवशी सकाळी शेजारच्या कारखान्यातले लोक गाडी घेऊन आले. त्यांच्याकडे अजून पॅडलच होतं आणि तिथे संप सुरू होता. "पुढारी, पाच मिनिटं येऊन चार शब्द बोला," म्हणाले. हा हातातलं काम टाकून गेला. दोन चार शब्द म्हणजे ह्याचा तास, हे मला माहीत होतं. फोरमनला मोठी ऑर्डर पाठवायची होती. त्याने बिट्टीला हाक मारली, "ये गं, बापाच्या मशीनवर उभी राहा जरा." ती उड्या मारतच गेली. काचेतून माझ्याकडे बघून तिने हात हलवला.

प्रेसच्या आवाजात फरक पडला की पॅकिंगमधल्या बायकांनाही कळतो. ठोकळा पत्र्यावर पडला की कोरडा आवाज येतो. हा आवाज ओला होता. मी उठले ते खुर्ची पाडूनच.

ती ओरडली नव्हती. डावा हात छातीशी धरून उभी होती, चेहरा पांढराफटक, आणि हाताकडे असं बघत होती जणू तो कुणा दुसऱ्याचा आहे. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही अर्ध्यातून गेली होती. मला बघून म्हणाली, "आई, मी हात उचलला होता." बस्स. रडणं नाही, काही नाही. "आई, खरंच मी हात उचलला होता." कुणीतरी फडकं गुंडाळलं, फोरमनने तिला जवळजवळ उचलूनच गाडीकडे नेलं, आणि मी मागे धावणार तेवढ्यात माझी नजर डाव्या बटणावर गेली.

ते दाबलेलं होतं. त्यावर कुणाचाही हात नव्हता आणि ते आत दाबलेलं होतं.

मी वाकून बघितलं. बटणाभोवती लोखंडी कडं असतं. त्या कड्यात आणि बटणात एक बारीक लाकडी पाचर ठोकली होती. तासून गुळगुळीत केलेली, आणि बटणाच्याच हिरव्या रंगात रंगवलेली. लांबून दिसायची सोय नाही. मी नखांनी उपसून काढली. बटण टक् करून वर आलं.

तेव्हा मला कळलं काय झालं ते. एक तुकडा साच्यात अडकला. बिट्टीने बापाने शिकवलं तसं केलं. डावा हात बटणावरून उचलला, मशीन मेलं असं समजून तो साच्यात घातला. पुढे वाकताना अंगाचा भार उजव्या तळव्यावर आला. डावं बटण पाचरीने आधीच दाबलेलं. मशीनला वाटलं दोन्ही हात बटणांवर आहेत. मशीनने काम केलं. बापाचं ऐकलं नसतं, मशीनला जरा भ्याली असती, तर पोरीची बोटं शाबूत राहिली असती.

मला वाटलं, कुणीतरी माझ्या नवऱ्यावर डूख धरून हे केलंय. मालकाचा माणूस असेल. नाहीतर पुढारीपणावर जळणारा कुणी. ज्याने ही पाचर मारली त्याचे हात मी त्याच साच्यात घालणार होते, खोटं कशाला बोलू. भाऊजींची बोटं गेल्यापासून कंपनीने त्यांना स्टोअरवर बसवलंय, हत्यारं देण्याघेण्यावर. मी तशीच तिकडे गेले. ते चहा पीत होते. ओरडाआरडा त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता.

पाचर टेबलावर आपटली. म्हटलं, "भाऊजी, हे कुणाचं काम आहे सांगा. आत्ता सांगा."

त्यांनी ती उचलली, अंगठ्याने फिरवून बघितली. चेहऱ्यावर एक रेष हलली नाही.

"माझंच आहे," म्हणाले. "दादाची आहे ही. डाव्या बाजूची. का, सैल झाली का?"

मला ऐकू आलं ते मला कळायला वेळ लागला. मी विचारलं, "तुमचं म्हणजे?"

"अहो वहिनी, मीच बनवतो ना सगळ्यांना. आधी हे लोक काय वाटेल ते कोंबायचे. कागदाचा बोळा, चपलेचं रबर, एकाने तर बिस्किटाचा पुडा घडी करून घातला होता. ते मध्येच निसटायचं, मशीन धड चालेना, धड थांबेना. केवढा धोका! मग म्हटलं, वापरायचीच आहे तर नीट तरी वापरा. चांगलं लाकूड घेऊन मापात तासून देतो. रंगसुद्धा देतो. माझी पाचर कधी निसटली असं एकाने सांगावं."

हे बोलताना ते त्या हाताने पाचर धरून होते. ज्या हाताला एकच बोट आहे त्या हाताने. आणि आवाजात काय होतं माहितीये? अभिमान. चांगल्या सुताराला असतो तसा.

"तुमच्या पुतणीची दोन बोटं गेली," मी म्हटलं. "आत्ता. ह्याच पाचरीने."

चहाचा कप त्यांच्या हातून पडला नाही. तो त्यांनी हळूच टेबलावर ठेवला. तोंड उघडं राहिलं. मग पहिलं जे वाक्य बाहेर आलं ते असं, "पण ती तर छोट्या प्रेसवर असते!"

पाचर घेऊन मी परत मशीनच्या शॉपमध्ये आले. मोठ्या प्रेसच्या रांगेतून चालत गेले आणि प्रत्येक मशीनचं डावं बटण बघितलं. हिरवी पाचर. हिरवी पाचर. पुढच्या मशीनवर हिरवी पाचर. जे गेटवर माझ्या शेजारी उन्हात बसले होते, ज्यांच्या बायकांनी माझ्या मुलीच्या डोक्यावर पदर धरला होता, त्यांच्या मशीनवर. एक मशीन बिनपाचरीचं निघालं. त्यावर रुजू होऊन आठवडाही न झालेला एक माणूस होता. त्याला अजून मिळाली नव्हती.

आणि ती सगळी मशीनं चालू होती! रक्त पुसायला माणूस बोलावलेला, पोर दवाखान्याच्या वाटेवर, आणि ह्यांचे उजवे हात बटणांवर पडत होते, डावे हात साच्यात जात येत होते.

"अरे, काढा ना आता तरी!" मी किंचाळले.

ज्याला सगळे मामा म्हणतात तो म्हातारा ऑपरेटर समजावणीच्या सुरात म्हणाला, "वहिनी, तिला सवय नव्हती. आम्हाला सवय आहे."

"मग बटणं कशाला मागितली रे? बसायला कोण आलं होतं गेटवर, तुमचा डुप्लिकेट?"

"बटणं पाहिजेतच," तो म्हणाला. "बटणांच्या विरोधात इथे कोण आहे? बटणं काढायला कुणी आला तर पहिला मी आडवा पडेन." आणि त्याने पुढचा तुकडा साच्यात ठेवला.

मला वाटलं माझंच डोकं फिरलंय. माणूस खोटं बोलला की त्याचा डोळा हलतो, मान वळते, काहीतरी होतंच. ह्याचं काहीच झालं नाही. तो मनापासून बोलत होता. मन तिकडे आणि हात इकडे, आणि दोघांची कधी गाठच पडली नव्हती.

दवाखान्यात पोचले तेव्हा बिट्टीला आत नेलं होतं. नवरा व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता. भाषणावरून थेट आलेला, गळ्यात अजून कुणीतरी घातलेला हार. तो काढायचंही भान नव्हतं त्याला. रडून डोळे सुजले होते. जीव आहे त्याचा पोरीवर, ते मी नाकारत नाही. तेच तर भयंकर आहे.

मला बघून म्हणाला, "तिने हात नीट उचलला नसेल गं. कोपर बटणाला टेकलेलं राहिलं असेल. मी किती वेळा सांगितलंय तिला."

मी त्याचा हात धरला आणि तळव्यावर पाचर ठेवली.

त्याने बघितलं. एकदा माझ्याकडे बघितलं. आणि मग माझ्यादेखत त्याच्या हाताने ती पाचर उचलली आणि शर्टाच्या खिशात टाकली. विचार करून नाही. शिफ्ट संपली की किल्ली खिशात टाकतात तशी. रोज टाकत असणार. आज लोक गाडी घेऊन आले, घाई झाली, राहून गेली.

"अहो," मी म्हटलं, "कधीपासून?"

"तुला मशीनमधलं कळत नाही."

"कधीपासून?"

तो बाकावर बसला. "बटणं बसली आणि पहिल्या आठवड्यातच हात बांधल्यासारखे झाले. मी ह्या शॉपमधला सगळ्यात जलद माणूस होतो. माझ्यामागे मामा, मामाच्या मागे बाकीचे. बटणांनी सगळे सारखे झाले. शिकाऊ पोरगं आणि मी, एकाच वेगाने. मला तर लाजच वाटायला लागली. म्हटलं, जरा वेळ पाचर लावू, हात मोकळा झाला की काढू. मला मशीन कळतं. मला बटणांची गरजच नव्हती, मी ती दुसऱ्यांसाठी मागितली होती."

"आणि दुसरे?"

"त्यांनी माझं बघून लावली. त्याला मी काय करणार?"

"आणि सकाळी तिकडे जाऊन काय बोललात?"

"जे खरं आहे तेच बोललो!" तो एकदम उठला. आवाज चढला, तोच गेटवरचा आवाज. "बटणांनी हात वाचतात हे खोटं आहे का? सांग! आज तिथे जर आपली पाचरीची गोष्ट गेली ना, तर त्यांचा मालक म्हणेल कामगारांनाच बटणं नकोत. आपला मालकही काढून टाकेल. इतक्या हातांचा प्रश्न आहे. तेव्हा तू हे बाहेर बोलायचं नाहीस. फॅक्टरी इन्स्पेक्टर येईल, तेव्हा बिट्टी एवढंच सांगेल, की घाईत कोपर बटणावर राहिलं. मी तिला समजावतो. बटणांसाठी एवढं करावंच लागेल."

मी ह्या माणसाबरोबर संसार केलाय. हा माझ्याशी घरातल्या भांडणात खोटं बोलतो तेव्हा मला लगेच कळतं. आत्ता तो खोटं बोलत नव्हता. आपल्या पोरीला खोटं पाडायला निघाला होता आणि त्याचा एक केसही डळमळत नव्हता, कारण तो तत्त्वासाठी करत होता. शत्रू शोधत मी अख्खा शॉप पालथा घातला होता. शत्रू असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी तिला वॉर्डात आणलं. हाताला हे एवढं मोठं बँडेज. डोळे उघडले आणि बाप दिसला तशी म्हणाली, "बाबा, माझीच चूक असेल. डावं बटण मला आत बसल्यासारखं लागत होतं. मला वाटलं तुमच्या हाताने झिजलंय." आणि मग माझ्याकडे वळून, "पण आई, मी उचलला होता ना गं हात? की मला तसं वाटतंय?"

ह्या प्रश्नासाठी मी गप्प बसू शकत नव्हते. बोटं गेली ती गेली. पण ही पोरगी आयुष्यभर आपल्या हातावर संशय घेत जगणार होती, की माझा हात माझं ऐकत नाही, मी सांगते एक आणि तो करतो दुसरंच. ज्यांचे हात खरोखर असं करत होते ते मात्र शांत झोपणार होते.

इन्स्पेक्टर आलाच तेवढ्यात, फाईल घेऊन. सरकारी माणूस, घामाघूम. खुर्ची ओढून बसला. "बाळ, डावा हात कुठे होता?"

नवऱ्याने तिच्या उशाशी हात ठेवला. "साहेब, पोर अजून गुंगीत आहे. घाईत कोपर बटणावरच..."

"हात वर होता," मी म्हटलं. "बिट्टी, ऐक. तू हात उचलला होतास. तू सगळं बरोबर केलंस. डाव्या बटणात पाचर होती. ती तुझ्या काकाने तासली होती आणि तुझ्या बापाने मारली होती."

बिट्टी माझ्याकडे बघत होती, आणि मी तिची सख्खी आई असूनही तिच्या डोळ्यांत मला माझ्याबद्दलच राग दिसला. "काहीही बोलू नकोस आई," ती म्हणाली. "बाबा?"

हा उभा. त्याने नाही म्हणायला हवं होतं. मला खात्री होती की म्हणेल. त्याचा हात मात्र उशीवरून उठला आणि शर्टाच्या खिशावर गेला, झाकल्यासारखा. बिट्टीने ते बघितलं. आम्ही सगळ्यांनी बघितलं. त्याने स्वतः खाली बघितलं आणि दचकला, जणू हा हात इथे कुणी आणून ठेवला.

"बिट्टी," तो म्हणाला, "मी तुला शिकवलं ते खरंच होतं."

"हो ना," ती म्हणाली. "म्हणून तर मी हात घातला."

तो बोलत सुटला. गेट, ऊन, भाऊजींचा हात, शेजारचा संप, मालकाची चाल. तेच भाषण. शब्द न् शब्द आम्हाला पाठ. इन्स्पेक्टरने लिहायचं थांबवलं. बिट्टी पूर्वी ह्या भाषणाबरोबर ओठ हलवायची. आज तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"बाबा, बाहेर थांबा," ती मध्येच म्हणाली.

कुठल्याही मीटिंगमधून माझ्या नवऱ्याला आजवर कुणी बाहेर काढू शकलं नव्हतं, पोलिससुद्धा नाही. तो गेला. दारात भाऊजी उभे होते, बहुतेक मघापासूनच. दोघे भाऊ व्हरांड्यातल्या बाकावर बसले. मग भाऊजींचा आवाज आला, दबका, पण आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"दादा, खरं म्हणजे त्यांनी बटणंच लांब बसवली रे. थोडी जवळ घेतली असती तर पाचर कोणाला लागली असती?"

"मी तेव्हाच म्हणालो होतो," नवरा म्हणाला. आवाजात जरा जीव आला होता. "उद्या आपण मागणी करू. बटणं जवळ घ्या. सह्या घेऊ सगळ्यांच्या."

इन्स्पेक्टरचं पेन हवेत राहिलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मी बिट्टीकडे. तिचा श्वास वर खाली होत होता, कपाळावर घाम. पुढची मागणी बाहेर तयार होत होती, पोरीच्या बोटांवरचं रक्त पुरतं सुकलंही नसताना.

"साहेब," बिट्टी म्हणाली, "उठून ते दार लावा आधी. आणि मग लिहा. माझा हात वर होता."